नागपुरात अमारोने प्यायची तर: बाटली निवडण्यापासून उरलेल्या वाइनपर्यंत

अमारोने, म्हणजे इटलीची वाळवलेल्या द्राक्षांची दणकट रेड वाइन, नागपुरात बिघडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी, एक आपला उन्हाळा आणि दुसरं तिच्यासोबत मांडलेलं झणझणीत सावजी. वाइन चांगली असते, पैसे भरपूर मोजलेले असतात आणि तरी ग्लासात येतं ते कोमट, घशात जाळ करणारं, जॅमच्या चवीचं काहीतरी. मग माणूस म्हणतो बाप्पा, एवढ्या पैशात हे? आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इतक्या धीराने बनवलेल्या वाइन्स जगात फार थोड्या आहेत आणि थोडी काळजी घेतली तर ती नागपूरच्या घरात, आपल्याच जेवणासोबत मस्त लागते. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी ती बनते कशी ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढचं तापमान, जेवण, ग्लास सगळं यावरच अवलंबून आहे.

इटलीच्या उत्तरेला व्हेनेतो प्रांतात वेरोना शहर आहे, त्याच्या वरच्या डोंगरउतारांचा भाग म्हणजे वाल्पोलिचेल्ला. पश्चिमेला गार्दा सरोवर, उत्तरेला लेस्सिनी डोंगर. सरोवरामुळे हवा फार टोकाला जात नाही, डोंगरावरून रात्री थंड वारा उतरतो. द्राक्षं मुख्यतः तीन, कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. त्यातली कोर्विना म्हणजे या वाइनचा कणा, साल जाड, चव आंबट चेरीसारखी आणि वाळवली तरी पटकन न सडणारी. तिथले जुने मळे मांडवावर चढवलेले असतात, आपल्या नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला फोटो दाखवला तर तो लगेच ओळखेल.

सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात घड हाताने तोडतात, आणि निवडून तोडतात, कारण मणी दाटीवाटीने बसलेला घड आतून सडतो, म्हणून सुटसुटीत घडच घ्यायचे. मग ते पिळायचे नाहीत. हवेशीर माळ्यांवर, ज्याला तिकडे फ्रुत्ताइओ म्हणतात, एका थरात पसरून ठेवायचे. पूर्वी बांबूच्या किंवा बोरूच्या चटयांवर ठेवायचे, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट असतात. तीन-चार महिने ते तसेच पडून राहतात आणि वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, हवेत जातो.

तासगावचे बेदाणे बघितले असतील तर फरक लगेच कळेल. आपल्याकडे पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर टाकतात, उन्हाळ्याची कोरडी गरम हवा असते, दोन-तीन आठवड्यांत माल तयार. वाल्पोलिचेल्लात उलटं आहे, बुडवणं नाही, गरम हवा नाही, नुसती थंड हवा, आणि द्राक्ष पूर्ण बेदाणा व्हायच्या आधीच थांबायचं. पाणी हळूहळू जातं म्हणून साखर वाढते, ग्लिसरॉल वाढतं, सालीतला रंग आणि तुरटपणा दाट होतो, सुगंधही बदलतो. नोव्हेंबरात तिकडे धुकं पडलं की बुरशीची भीती असते, म्हणून हल्ली पंखे आणि ओल खेचणारी मशीनं लावतात, तरी माणूस रोज फिरून खराब मणी काढत असतो. नियम असा आहे की १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं पिळायचीच नाहीत, प्रत्यक्षात जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. बाहेर कडाक्याची थंडी असते, त्यामुळे आंबवणंही हळू, महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतं. साखर इतकी असते की जवळजवळ सगळीचं अल्कोहोल झालं की वाइन १५-१६ टक्क्यांवर जाते. कायद्याने किमान १४ आहे, पण १४ ची बाटली क्वचितच दिसते.

मग लाकडात मुरवणं. किमान दोन वर्षं, आणि बाटलीवर रिझेर्वा लिहिलं असेल तर किमान चार. जुन्या वळणाचे लोक स्लाव्होनियन ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत ठेवतात, नवीन वळणाचे फ्रेंच ओकच्या छोट्या बॅरलमध्ये, त्यात व्हॅनिला-कॉफीचा वास जास्त उतरतो. मला स्वतःला मोठ्या पिंपांतली आवडते, त्यात चेरीची आंबट धार शाबूत राहते, आणि आपल्या जेवणाला तीच लागते.

हीच वाळवलेली द्राक्षं पूर्ण आंबू दिली नाहीत आणि साखर ठेवली तर बनते रेचोतो, गोड वाइन. ती अमारोनेहून कितीतरी जुनी. अमारोनेची गोष्ट अशी सांगतात की १९३६ साली नेग्रारच्या सहकारी वायनरीत आदेलिनो लुकेसे नावाच्या तळघर सांभाळणाऱ्या माणसाला रेचोतोचं एक विसरलेलं पिंप सापडलं, यीस्टने त्यातली साखर खाऊन टाकली होती आणि उरली होती कोरडी, म्हणजे गोड नसलेली, दणदणीत वाइन. बाजारात ती नीट यायला १९५० चं दशक लागलं, बेर्तानीची पहिली अमारोने १९५८ ची आहे. इटालियन वाइनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा, डीओसीजी, मिळाला २०१० मध्ये.

आता निवडायची कशी

पहिलं म्हणजे सरळ अमारोनेवर उडी मारायची गरज नाही. वाल्पोलिचेल्लात ताज्या द्राक्षांची साधी, हलकी वाइन बनते, तीच घेऊन अमारोने पिळून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवतात, ती रिपासो. किंमत अमारोनेच्या बरीच खाली, अंगाने मधली, आणि तुम्हाला ही चव मुळात आवडते का ते कळतं. चार लोकांच्या जेवणाला मी रिपासोच सांगेन. अमारोने प्रसंगाला.

दोन्ही जवळ नसतील तर आपल्या महाराष्ट्रातल्याच एखाद्या भरीव रेडने जिभेला सवय लावा, अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते आहे, सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन द्राक्षांची, इटालियन वळणाची. नाशिकच्या शिराझही आहेत. त्या वाळवलेल्या द्राक्षांच्या नाहीत, चव वेगळी, पण तापमानाचे आणि जेवणाचे खाली सांगितलेले सगळे प्रयोग आधी त्यांच्यावर करा, हात बसतो.

अमारोनेच्या लेबलवर काय बघायचं? क्लासिको लिहिलं असेल तर द्राक्षं जुन्या मूळ पट्ट्यातली, म्हणजे नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच गावांच्या हद्दीतली. वाल्पांतेना लिहिलं असेल तर शेजारच्या त्या नावाच्या खोऱ्यातली. यातलं काही नसेल तर बाटली वाईट असं नाही हं, दाल फोर्नो रोमानो हे या वाइनमधलं फार मोठं नाव क्लासिको पट्ट्याच्या बाहेर, इल्लासीच्या बाजूचं आहे. मानेवर सरकारी नंबरची कागदी पट्टी असते ती बघा. मग अल्कोहोल बघा, १५ आणि १६.५ मध्ये नुसता दीड टक्का दिसतो पण नागपूरच्या हवेत तो चांगलाच जाणवतो, मी १५-१५.५ ची उचलेन.

वर्ष बघायचं तर २०१५ आणि २०१६ चांगली. २०१४ ला तिकडे पाऊस फार, बऱ्याच चांगल्या वायनरींनी अमारोने केलीच नाही किंवा फार थोडी केली. मासी, आलेग्रिनी, तोम्मासी, झेनातो, बेर्तानी या वायनरींच्या बाटल्या डोळे झाकून घ्यायला हरकत नाही. क्विंतारेल्ली आणि दाल फोर्नोच्या किमती आपल्या घरखर्चाच्या गणितात बसत नाहीत, पहिली बाटली म्हणून तर नकोच.

महाग का, तर एक म्हणजे तेवढ्याच द्राक्षांतून कमी रस निघतो, वर्षानुवर्षं माल अडकून पडतो, आणि आपल्याकडे आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आली, त्यावर राज्याचे कर वेगळे. म्हणून कुणी परदेशातून येणार असेल तर एअरपोर्टच्या ड्यूटी फ्रीमधून आणायला सांगा, माणशी दोन लिटरची सूट असते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात.

घरापर्यंत आणताना

हा टप्पा लोक विसरतात आणि अर्ध्या बाटल्या इथेच मरतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीची डिकी किती तापते ते सांगायला नको, तिथे दोन तास राहिलेली बाटली शिजलेलीच समजा. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. उन्हाळ्यातच घ्यावी लागली तर संध्याकाळी घ्या, थर्माकोलचा डबा किंवा जाड टॉवेल न्या, आणि सदर-धरमपेठेत दुसरी कामं करत बसू नका, दुकानातून थेट घरी.

दुकानातही बघून घ्या. बाटली शोकेसच्या दिव्याखाली उभी आहे, एसी रात्री बंद होतो, काचेतून ऊन येतं, तर नका घेऊ, कितीही डिस्काउंट असो. इथे एक फसगत होते ती नीट समजून घ्या: उष्णतेने बिघडलेल्या वाइनला शिजलेल्या मनुका-खजुराचा वास येतो, आणि अमारोनेला मुळातच सुक्या फळांचा वास असतो, त्यामुळे नवख्या माणसाला नाकाने फरक कळतच नाही. म्हणून डोळ्यांनी तपासा. बूच बाटलीच्या कडेच्या वर सरकलंय का, वरच्या पत्र्याच्या टोपणावर बोट फिरवा, कुठे फुगवटा लागतो का, टोपणाच्या खालून चिकट ओघळ आलाय का. यातलं एक जरी दिसलं तर परत ठेवा.

मुंबईहून गाडीने आणणार असाल तर लक्षात ठेवा की समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून येतो आणि वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे, गडचिरोलीही. बिल आणि परमिट जवळ हवं आणि निघायच्या आधी एक्साइज खात्यात विचारून घेतलेलं बरं. विमानाने आणायची तर चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवा.

साठवण

तळघर आपल्याकडे नाही, मग काय करायचं? वाइन चिलर असेल तर १४ अंशांवर लावा, विषय संपला. नसेल तर साधा फ्रिज. लोक म्हणतात फ्रिजमध्ये रेड ठेवू नये, पण मे महिन्यात कपाटात ३८ अंशांवर ठेवण्यापेक्षा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवलेली कितीतरी सुखरूप राहते. काही महिने काहीच होत नाही. फक्त उघडे कापलेले कांदे, लसूण, हिंगाचा डबा शेजारी नको, आणि दारात नको, उघडझाप होते.

डेझर्ट कूलरच्या खोलीत ठेवली तर चालेल का असं बरेच जण विचारतात. कूलरच्या ओलीमुळे बूच सुकत नाही हे खरं, पण खोली २८-३० च्या खाली येत नाही आणि लाइट गेली की परत चढते. ही चढउतार सगळ्यात वाईट. नको.

आणि एक मनापासून सांगतो, दहा वर्षं मुरवायच्या नादात नागपुरात पडू नका. चांगली अमारोने इटलीतल्या थंड तळघरात वीस वर्षं सहज जाते, आपल्याकडे चिलर नसेल तर आणली त्या हिवाळ्यातच उघडा.

उघडायच्या दिवशी

जुनी बाटली, म्हणजे बारा-पंधरा वर्षांपुढची, असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू द्या. नवीन असेल तर गरज नाही.

तापमान हाच सगळा खेळ. १६ ते १८ अंश. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहितात ते युरोपातल्या दगडी घराचं, आपल्या हॉलचं नव्हे. १६ टक्के अल्कोहोलची वाइन २५ अंशांवर गेली की नाकाला आधी स्पिरिट लागतं, चेरी मागेच राहते. केकसाठी किंवा दुधासाठी वापरतात तो खुपसायचा थर्मामीटर असेल तर तो स्वच्छ धुऊन वापरा, अंदाजापेक्षा हे बरं.

फ्रिजमधली बाटली असेल तर एसी लावलेल्या खोलीत साधारण दीड-दोन तास आधी काढा. खोलीतलीच बाटली असेल आणि वेळ नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसत्या बर्फाने बाटलीला नीट स्पर्श होत नाही, आणि बाटली मानेपर्यंत पंधरा मिनिटं बुडवा. फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका.

मग डिकँट, म्हणजे वाइन बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओतणं. नवीन अमारोनेला तास-दोन तास हवा द्या. डिकँटर नसेल तर रुंद तोंडाचा काचेचा जग चालतो, फक्त साबणाचा वास नको, आधी नुसत्या पाण्याने खळखळून धुवा. ओतताना बारीक धार, जगाच्या कडेवरून. इथे आपली अडचण अशी की दोन तासांत वाइन खोलीच्या तापमानाला येते, म्हणून मी १३-१४ वरच ओततो आणि जग एका मोठ्या पातेल्यात थंड पाण्यात ठेवतो, बर्फ नाही, माठातलं पाणी पुरतं. जुनी बाटली मात्र इतका वेळ उघडी ठेवू नका, हळूच ओता, गाळ मानेपाशी आला की थांबा, आणि लगेच प्या.

पहिला वास घेतल्यावर हलकासा नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरसारखा काहीतरी वर येईल, घाबरू नका, वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये थोडासा तो असतोच आणि हवेने मवाळ होतो. तासाभरानेही तोच पुढे राहिला, तर मग बाटली बिघडलेली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब.

ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, तिसरा हिस्साच भरा. माणशी १०० मिली धरा, एका बाटलीत सात जणांचं होतं, आणि खरं सांगायचं तर या वाइनचं एवढंच पुरतं. हिचे १०० मिली साध्या वाइनच्या सव्वापट असतात, त्यामुळे गाडी चालवायची असेल तर एकही नको, रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा फार पटकन येते.

जेवण, म्हणजे सावजीचं काय?

नागपुरात रेड वाइन म्हटली की कुणीतरी सावजी मटण आणतंच. प्रेमापोटी आणतं, मान्य. पण अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या त्याच जाणिवेला दोन्ही हात घालतात, मिरची आणि अल्कोहोल. त्यात अमारोनेचा तुरटपणा. तर्रीचा एक घास आणि वर हिचा घोट, दोन्ही वाया. सावजी सावजीसारखंच खा, दुसऱ्या दिवशी.

मात्र सावजीच्या मसाल्याचा जो पाया आहे, भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल, काळी मिरी, करपायच्या काठावर भाजलेला कांदा, तो या वाइनला जबरदस्त जमतो, कारण तिच्यातही तोच भाजका, सुक्या फळांचा, किंचित कडवट सूर आहे. म्हणून करायचं असं: भिवापुरी मिरची बाजूला ठेवा, रंगासाठी बेडगी घ्या आणि तीही थोडीच, बी काढून. मटण खांद्याचं किंवा नळीचं, मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून, रस्सा नाही, सुक्कं. मसाला हाडाला चिकटून राहील इतका आटवा. जवसाच्या तेलाऐवजी साधं शेंगदाण्याचं तेल घ्या, जवसाचा उग्र वास वाइनवर चढतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरवू नका, त्या हिरव्या वासाने चेरी मरते. शेवटी लिंबूही नको.

शाकाहारी घरात वांग्याचं भरीत. मोठी वांगी चुलीवर किंवा कोळशावर भाजा, गॅसवर धूर कमी येतो. हिरवी मिरची जवळजवळ नाही, कच्चा कांदा अजिबात नाही, भाजलेला लसूण आणि थोडं तूप. याच्यासोबत कळण्याची भाकरी. मी तर म्हणेन मटणाहून हेच जास्त जमतं. मशरूमही छान, काळी मिरी घालून चांगले तांबूस होईपर्यंत परतलेले. पनीर या वाइनपुढे फिकं पडतं.

जेवण करायचंच नसेल तर मुरलेल्या कडक चीजचा तुकडा, ग्राना पादानो किंवा पार्मेजान, आणि अक्रोड. वेरोनाकडचे लोक जेवणाच्या शेवटी असंच बसतात, चीजचे खडे फोडून. संत्रा बर्फी नको, गोडापुढे अमारोने आंबट-कडू लागते. गोडासोबत रेचोतो हवी. डार्क चॉकलेट ७० टक्क्यांच्या वरचं असेल तर चालतं.

उरली तर

उरतेच, कारण ती भारी असते. बूच परत लावा, फ्रिजमध्ये उभी ठेवा, चार-पाच दिवस छान राहते, अल्कोहोल जास्त असल्याने ती साध्या रेडपेक्षा टिकते, आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा आणखी मोकळी झालेली असते. प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा.

शेवटचा अर्धा ग्लास भातात घाला. वेरोनात अमारोनेचा रिसोत्तो करतात, त्यांचा व्हियालोने नानो तांदूळ आपल्याकडे सहज मिळत नाही, आंबेमोहर घ्या, तोही चिकट शिजतो. न धुता, कांद्यासोबत लोण्यात परता, वाइन घालून पूर्ण आटू द्या, स्पिरिटचा वास जाईपर्यंत, मग गरम भाजीचं पाणी एकेक पळी घालत ढवळत राहा. तांदूळ मऊ पण मध्ये किंचित दाताला लागेल असा झाला की आच बंद करा, लोण्याचा तुकडा आणि किसलेलं चीज घाला, दोन मिनिटं झाका. रंग जांभळट येतो. लगेच वाढा, गार झाला की गोळा होतो.